पहिल्यांदा ओव्हरक्लॉकिंग करताय? आधी रॅम, मग प्रोसेसर, आणि मधल्या रात्री चाचणीच्या

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर बाजूचं झाकण काढलेलं कॅबिनेट.]

नमस्कार मंडळी. पुढचं बघण्याआधी एक काम करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, त्यात मेमरी. तिथे 'स्पीड' म्हणून एक आकडा दिसतो. तुमच्या रॅमच्या खोक्यावर ३२०० छापलंय आणि इथे २१३३ किंवा २६६६ दिसतंय का? मग पैसे तुम्ही ३२०० चे मोजलेत आणि वापर चाललाय त्याहून हळू रॅमचा. मशीन जोडून घेताना हे एक सेटिंग चालू करायचं हमखास राहून जातं. मशीन चालू होतं, विंडोज येतं, गेम चालतो, त्यामुळे वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

आज हे सेटिंग आपण चालू करू. मग थोडं पुढे जाऊ, रॅम आणि प्रोसेसर दोन्ही कंपनीने लिहिलेल्या आकड्यापेक्षा जरा वर नेऊ. यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. टेबलावरचं मशीन माझं रोजचंच आहे. एएमडी रायझेन ५ ५६००, बी५५० चिपसेटचा बोर्ड, ८ जीबीच्या दोन स्टिक, आणि प्रोसेसरसोबत खोक्यात येतो तो छोटा कूलर. महागडं काहीच नाही, आणि मुद्दामच नाही.

पण त्याआधी एक गोष्ट सांगायचीय.

पहिल्यांदा मी रॅम ओव्हरक्लॉक केली तेव्हा वेग वाढवला, गेम लावला, पाच तास खेळलो, काही बंद पडलं नाही. म्हटलं, जमलं. त्याच आठवड्यात आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो फोनच्या कार्डावरून कॉम्प्युटरवर घेतले आणि कार्ड रिकामं केलं. महिन्याभराने फोल्डर उघडला, तर चाळीसेक फोटो अर्धे. वरचा भाग नीट, खाली राखाडी पट्टा. कार्डावरून निघालेला फोटो डिस्कवर जाताना रॅममधून जातो, आणि रॅम मधेच एखादा बिट उलटा वाचत होती. मशीन एकदाही हँग झालं नव्हतं. मग मेमरीची चाचणी लावली, तर वीस मिनिटांत एरर दिसायला लागले. आजी आता नाही. औक्षणाच्या ताटाकडे बघून ती हसतेय असा एक फोटो आहे, तो तिच्या हनुवटीपर्यंतच शिल्लक आहे.

म्हणून आज सगळ्यात जास्त वेळ मी चाचणीवर घालवणार आहे. वेग वाढवायला दोन मिनिटं लागतात. वाढवलेल्या वेगात मशीन हिशेब बरोबर करतंय याची खात्री करायला दोन रात्री लागतात. तेव्हा पहिलं काम, महत्त्वाचं सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, ती डिस्क काढून कपाटात ठेवा, आणि मगच पुढे बघा.

[स्क्रीनवर: ४.४ गिगाहर्ट्झ]

आता वेग म्हणजे काय. हा प्रोसेसर ४.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो असं कंपनी म्हणते, म्हणजे सेकंदाला ४४० कोटी ठोके. एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम ७ सेंटिमीटर पुढे जातो, माझ्या करंगळीएवढा. तेवढ्या वेळात आतल्या ट्रान्झिस्टरच्या लांबलचक साखळीने आपलं काम संपवून उत्तर तयार ठेवायचं असतं.

ढोलपथकात वाजवलं असेल त्यांना हे लगेच कळेल. लय ताशा ठरवतो. ढोलवाल्याचा टिपरू पडतो, हात परत वर जातो, आणि पुढच्या ठोक्याआधी तो वर पोचलेला असावा लागतो. ताशाने लय वाढवली की सगळे वाढवतात. एका मर्यादेनंतर मागच्या रांगेतल्या कुणाचा तरी एक ठोका हुकतो. मिरवणूक थांबत नाही, रस्त्यावरच्या माणसाला कळतही नाही. ओव्हरक्लॉक फार ताणलं की प्रोसेसरमध्ये हेच होतं. सगळ्यात हळू साखळीचं उत्तर यायच्या आत पुढचा ठोका पडतो, आणि अर्धवट उत्तरच खरं म्हणून पुढे जातं.

यावर उपाय व्होल्टेज. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर जास्त चपळ होतात. पण खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज १० टक्के वाढवलं तर वीज २१ टक्के वाढली. वर वेगही ५ टक्के वाढवला तर एकूण २७ टक्के. ५ टक्के वेगासाठी २७ टक्के उष्णता, हा सौदा मला पटत नाही, आणि आज आपण तो करणारही नाही.

पूर्वी चित्र वेगळं होतं. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. बोर्डवरचं ६६ मेगाहर्ट्झचं घड्याळ १०० वर नेलं की ३०० चा प्रोसेसर थेट ४५० वर पळायचा. दीडपट! आज तेवढं हाती लागत नाही, कारण जी शिल्लक असते ती कंपनीच बूस्टच्या, म्हणजे गरज पडली की वेग आपोआप वर नेण्याच्या, नावाखाली कारखान्यातून वापरून देते. आपल्या वाट्याला उरतात थोडे टक्के. ते कुठून काढायचे एवढंच आज ठरवायचंय.

कुणी करू नये तेही सांगतो. लॅपटॉपवर नको. ज्या मशीनवर ऑफिसचं किंवा दुकानाचं जीएसटीचं काम चालतं त्यावर नको. एएमडीच्या ए३२० आणि ए५२० बोर्डांवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही, बी४५०, बी५५० आणि एक्स५७० वर होतो. इंटेलमध्ये नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा बोर्ड लागतो. रॅमचा वेग मात्र बी५६०, बी६६०, बी७६० वरही वाढवता येतो, एच६१० वर नाही. आणि एएमडीच्या अटींप्रमाणे ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे डोळे उघडे ठेवून मान्य करा.

बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारं बोर्डवरचं सॉफ्टवेअर, अद्ययावत करा, पण मशीन यूपीएसवर असतानाच. बायोस लिहिला जात असताना लाईट गेली तर बोर्ड उठेलच याची हमी नाही. अपडेटचा आग्रह का धरतोय, त्याला कारण आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझेन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्या. रॅमचं वेगवान प्रोफाइल चालू केलं की काही बोर्ड एसओसी व्होल्टेज, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, आपलं आपण फार वर न्यायचे. त्यानंतर नव्या बायोसमध्ये हे व्होल्टेज १.३ च्या वर जाऊ नये अशी मर्यादा घालण्यात आली. म्हणून व्होल्टेजच्या जागी 'ऑटो' लिहिलेलं दिसलं तर त्यावर आंधळा विश्वास नको. बोर्डने तिथे काय भरलंय ते बघा.

[कॅमेरा बोर्डवर, जवळून.]

इकडे बघा. रॅमच्या चार खाचा. प्रोसेसरपासून मोजली तर दुसरी आणि चौथी, स्टिक या दोनमध्ये बसवायच्या. शेजारीशेजारी लावल्या तर दोन्ही एकाच वाटेवर येतात आणि निम्मी रुंदी वाया जाते. ३२०० ची रॅम दोन वाटांनी सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ जीबी वाहते. एका वाटेने २५.६. हे ओव्हरक्लॉकिंगच्याही आधीचं काम.

आणि इथे खालच्या कडेला दोन उघड्या पिना, शेजारी बारीक अक्षरात सीएलआर सीमॉस. ही जागा आत्ताच शोधून ठेवा. सेटिंग चुकलं तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि स्क्रीन काळी राहील. घाबरायचं नाही. वीज बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने या दोन पिना एकमेकींना दहा सेकंद जोडून ठेवा. बायोस कारखान्यातल्या आकड्यांवर परत येतो. पिना सापडल्या नाहीत तर हा गोल सेल, सीआर २०३२, काही मिनिटं काढून परत लावा. हे एकदा हाताने करून बघितलं की पुढची सगळी भीती जाते.

आता रॅम. मशीन चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा. बायोस उघडला की एक्सएमपी शोधा, रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारं तेच ते सेटिंग. आसूसच्या एएमडी बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात, एमएसआयवर ए-एक्सएमपी, आणि डीडीआर५ च्या एएमडी मशीनवर एक्सपो. चालू करा, सेव्ह करा, बाहेर या. झालं. २१३३ चं ३२०० झालं. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. रॅमची जुळणी चाललेली असते. बटण दाबून बंद करू नका, थांबा.

खरं सांगायचं तर, आज इथेच थांबलात तरी मोठा वाटा तुमच्या पदरात पडलेला आहे. यापुढची कमाई छोटी आहे, आणि शिकण्याची मजा मोठी.

[स्क्रीनवर: १६-१८-१८-३८]

ही रॅमची टायमिंग. हे आकडे बघून बरेच जण मागे फिरतात. आत काय चालतं ते कळलं की सोपे आहेत. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक इवलंसं मडकं. भरलेलं असेल तर एक, रिकामं असेल तर शून्य. ही मडकी रांगांनी मांडलेली. एखादं वाचायचं तर आधी त्याची अख्खी रांग उघडावी लागते, मग त्यातलं नेमकं मडकं, आणि दुसऱ्या रांगेत जायचं तर आधी ही रांग मिटावी लागते. पहिला आकडा, सीएल, म्हणजे उघड्या रांगेतलं मडकं मागितल्यापासून हातात यायला लागणारे ठोके. दुसरा रांग उघडण्याचा, तिसरा मिटण्याचा, चौथा म्हणजे एकदा उघडलेली रांग कमीत कमी किती वेळ उघडी ठेवायची तो.

ठोके आणि वेळ यात गल्लत करू नका. सीएलला २००० ने गुणा आणि रॅमच्या वेगाने भागा, नॅनोसेकंद मिळतात. ३२०० ला सीएल १६ म्हणजे १०. ३२०० ला सीएल २२ म्हणजे पावणेचौदा. ३६०० ला सीएल १८ म्हणजे परत १०. म्हणजे खोक्यावरचा मोठा आकडा बघून ३६०० सीएल १८ घेतली तर वाट रुंद झाली, पण पहिला थेंब यायला वेळ तेवढाच. रॅम विकत घेताना दोन्ही आकडे विचारा.

आणि ही मडकी पाझरतात! म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक रांग वाचून पुन्हा भरावी लागते. उष्णता वाढली की पाझर वाढतो. हे लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

मी ३२०० वरून ३६०० वर गेलो. त्याहून वर का नाही? या रायझेनच्या आत रॅम आणि कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष हिशेब करणारे भाग, यांना जोडणारा एक रस्ता आहे, इन्फिनिटी फॅब्रिक. रॅमचा प्रत्यक्ष ठोका लिहिलेल्या आकड्याच्या निम्मा असतो, म्हणजे ३६०० ला १८००. फॅब्रिकही १८०० वर असला की दोघं पावलाशी पाऊल जुळवून चालतात. रॅम ४००० वर नेली आणि फॅब्रिकला २००० जमलं नाही की दोघांची लय सुटते, आणि प्रत्येक देवाणघेवाणीला उशीर होतो. आकडा मोठा, मशीन हळू.

तर माझ्या नोंदी अशा. रॅम ३६००, फॅब्रिक १८००, टायमिंग १८-२२-२२-४२, रॅमचं व्होल्टेज १.३५, एसओसी १.१. टायमिंग मुद्दाम सैल ठेवलीत. आधी उभं राहू द्या, मग घट्ट करा, आणि एका वेळी एकच आकडा हलवा. तीन आकडे एकदम बदलले आणि मशीन पडलं, तर कुणी पाडलं ते कसं कळणार?

आता चाचणी. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घ्या आणि विंडोजच्या आधी त्यावरून मशीन चालू करा. फुकट आवृत्तीत चार फेऱ्या होतात. १६ जीबीला काही तास जातात, म्हणून रात्री लावून झोपा. सकाळी एररच्या जागी शून्य हवं. एक एररसुद्धा नापास. "हजारो कोटींत एक तर चुकलाय" असं म्हणू नका, तो एक बिट कुणाच्या तरी हनुवटीखालचा असतो. त्यानंतर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी तासभर, कारण तिथे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णताही सोबत असते. माझं १६-२०-२० पहिल्या दोन फेऱ्या पास झालं आणि तिसऱ्या फेरीत, पहाटे कधीतरी, दोन एरर आले. परत १८-२२-२२. मला वाईट वाटलं नाही. ते दोन एरर मला काळ्या स्क्रीनवर दिसले, फोटोत नाही.

रॅम पास झाल्याशिवाय प्रोसेसरला हात लावू नका.

प्रोसेसरला जुनी पद्धत म्हणजे सगळ्या कोअरना एकच आकडा ठोकून द्यायचा, ४.५ गिगाहर्ट्झ, इतकं व्होल्टेज. चालतं. पण मग चिप स्वतः तापमान बघून जे वरखाली करत असते ते थांबतं. मला दुसरी वाट आवडते, कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे चिपचं व्होल्टेज थोडं खाली आणणं. कारखान्यात प्रत्येक चिपला जरा हातचं राखून व्होल्टेज ठरवलेलं असतं, कारण तिथे चांगली चिप आणि साधारण चिप दोन्ही चालायला हव्यात. तुमची चिप चांगली असेल तर तेवढं व्होल्टेज तिला लागत नाही. कमी व्होल्टेज, कमी उष्णता, आणि वाचलेल्या विजेत बूस्ट आपोआप वर चढतो. २७ टक्क्यांच्या सौद्याच्या बरोबर उलट.

बायोसमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंग, त्यात प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, अॅडव्हान्स्ड, कर्व्ह ऑप्टिमायझर, ऑल कोअर्स, निगेटिव्ह. आकडा १० ने सुरू करा. मग १५, मग २०. शेवट ३० वर आहे, पण तिथे पोचायची शर्यत नाही. विजेची मर्यादा, या प्रोसेसरला ७६ वॉट, आहे तशीच ठेवा. खोक्यातल्या कूलरला तेवढंच झेपतं.

इथे एक फसगत होते. उणे २० वर सिनेबेंच, म्हणजे प्रोसेसरला राबवून गुण देणारी चाचणी, लावलं, अर्धा तास चाललं, गुण आधीपेक्षा चारपाच टक्के वाढले, तापमान उतरलं. आनंद! आणि रात्री नुसता ब्राउझर उघडा असताना मशीन आपोआप रिस्टार्ट झालं. कारण सगळे कोअर राबत असतात तेव्हा वेग कमी असतो. एकटाच कोअर हलकं काम करत असतो तेव्हा तो सगळ्यात वरच्या बूस्टला जातो, आणि व्होल्टेज कमी पडतं ते तिथेच. म्हणून कोअरसायकलर नावाचं साधन वापरा. ते एकेका कोअरला पाळीपाळीने राबवतं आणि कुठला चुकला ते सांगतं. रिस्टार्ट झालाच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमखाली व्हीया-लॉगर शोधा, हार्डवेअरच्या चुकांची नोंद तिथे असते. त्यात एपीआयसी आयडी दिलेला असतो, त्यावरून कोअर ओळखता येतो. बऱ्याचदा चिपमधले सगळ्यात चांगले म्हणून निवडलेले कोअरच आधी नापास होतात, कारण त्यांचं व्होल्टेज मुळातच काटकसरीत ठरलेलं असतं. माझा एक कोअर असाच निघाला. त्याला उणे १२ दिलं, बाकीचे पाच उणे २० वर.

आता ते परत लागणार म्हटलेलं. मी नागपूरचा. चाचणी केली फेब्रुवारीत, खोलीत २४ अंश, प्रोसेसर ७०. मे महिन्यात खोलीत ४० अंश झाले की तोच प्रोसेसर, तेच काम, १६ अंश वर, म्हणजे ८६. या चिपची मर्यादा ९० आहे. आणि रॅमची मडकी त्या उन्हाळ्यात जास्त पाझरणार. थंडीत काठावर पास झालेलं सेटिंग वैशाखात नापास होतं. म्हणून काठावर राहू नका. उणे २५ चालत असेल तर उणे २० ठेवा. आणि विदर्भातल्या मंडळींनो, खोलीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, त्यातून पाण्याचे बारीक थेंब येतात.

[कॅमेरा झाकणाच्या आतल्या बाजूवर.]

ही चिकटपट्टीने लावलेली वहीची पानं. पहिल्या पानावर काहीही बदलण्याआधीचे सगळे आकडे. दुसऱ्यावर प्रत्येक बदल, तारीख, खोलीचं तापमान, निकाल. बायोस अपडेट केला की प्रोफाइल पुसली जातात, फोनमधले फोटो हरवतात, हा कागद मशीनबरोबरच राहतो. शेवटची ओळ बघा. "खोली २४. ३६००, १८-२२-२२-४२. उणे २०, एक कोअर उणे १२. मेमटेस्ट चार फेऱ्या, एरर ०." आणि तिच्याखाली ही मोकळी ओळ मेची आहे, खोली ४० ला गेली की त्या रात्रीची.